बिर्जेशेठच्या कारखान्याचा वास

भाऊ खांबेट्यांना जे काही कळायचं ते नाकाने. डोळ्यांना तेवढी सवय नव्हती, आणि पुढे जी शोभा झाली ती त्यामुळेच.

दत्तात्रेय खांबेटे, रत्नागिरीतले यंत्रमूल्यांकनकार. म्हणजे असं, की कुणाचा कारखाना असला आणि त्याला बँकेकडून कर्ज हवं असलं, की आतल्या यंत्रांची आज किंमत काय होते हे सांगणारा परवानाधारक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे भाऊ. त्यांनी जायचं, यंत्र बघायचं, चालू करायला लावायचं, आणि मग सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायचं की हे आहे, असं आहे, एवढ्याचं आहे. बँक त्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवते. भाऊ सहीसुद्धा डोळे मिटूनच करायचे, तेव्हा व्यवहार दोन्हीकडून सारखाच होता.

पण नाव? नाव असं, की जिल्ह्यात कुणीही सांगावं, खांबेटे म्हणजे चोख. मूल्यांकनकारांच्या मंडळाच्या शिबिरात नव्या पोरांना 'व्यावसायिक नीतिमत्ता आणि सक्षमता' हा विषय शिकवायला भाऊच. दर वर्षी तेच भाषण, तोच सदरा. "मित्रहो," ते बोट वर करायचे, "पार्टीच्या चहालासुद्धा शिवू नका! चहापासूनच सुरुवात होते!" पोरं लिहून घ्यायची.

आता ह्यातली गंमत अशी, की भाऊ खरोखरच कुणाच्या कारखान्यात चहा घेत नसत. कारण मात्र तत्त्व नव्हतं, कप होता. कानाशी तडा गेलेला, बुडाशी काळा पडलेला, कुणीतरी कुठल्यातरी पाण्यात खळबळून आणलेला कप बघितला की भाऊंच्या पोटात ढवळायचं. ते हात जोडून "नको" म्हणायचे, आणि समोरचा मनात म्हणायचा, काय माणूस आहे! चहासुद्धा घेत नाही! अशी ती कीर्ती वाढत गेली. किळस पोटात आणि पुण्य नावावर.

ह्या भाऊंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे महिपतशेठ बिर्जे. शहराबाहेर खाडीच्या बाजूला उघड्या कातळी सड्यावर त्यांचा कुटीचा कारखाना. कुटी म्हणजे माशांची भुकटी. बारीकसारीक मासे शिजवायचे, पिळायचे, वाळवायचे, दळायचे आणि कोंबड्यांच्या खाद्याला पाठवायचे. त्या कारखान्याचा वास काय सांगावा! भाऊंची गाडी सड्यावर चढायची तेव्हाच काचा बंद, एसी आतल्या आत फिरता, आणि नाकावर अत्तराचा बोळा. फाटकापाशी गाडी थांबली की भाऊ इंजिन बंद करत नसत. महिपतशेठ स्वतः बाहेर यायचे. काचेतून हातवारे व्हायचे.

"ड्रायर?" भाऊ आतून ओठ हलवायचे.

महिपतशेठ बाहेरून अंगठा वर करायचे.

"प्रेस?"

अंगठा.

मग महिपतशेठ मोबाइल काचेला टेकवून यंत्रांचे फोटो एकेक करून सरकवायचे, भाऊ मान डोलवायचे, आणि गाडी जागच्या जागी वळायची. गेली कित्येक वर्षं बिर्ज्यांच्या कारखान्याचं मूल्यांकन असं माशांच्या दुकानातल्या टाकीसारखं काचेतून चाललं होतं. अहवाल मात्र जाडजूड. 'सर्व यंत्रे प्रत्यक्ष पाहिली. चालू स्थितीत. देखभाल उत्तम.'

आणि ह्याच अहवालाने घात केला. मंडळाने ठरवलं, की नव्या सभासदांना शिकवायला एक आदर्श अहवाल निवडावा, आणि ज्याचा निवडला जाईल त्याला नीतिमत्ता समितीचा अध्यक्ष करावं. भाऊंनी आपल्या अहवालांतला सगळ्यात जाड काढून पाठवला. तो निघाला बिर्ज्यांचा. मंडळाला आवडलाही. मग एके दिवशी फोन आला.

"अभिनंदन खांबेटे! जवळजवळ ठरलंच. एक नियमाची बाब तेवढी राहिली. मुंबईच्या दमयंती वैती म्हणून मंडळाच्या तपासनीस आहेत, त्या गुरुवारी येऊन जागा बघतील. अहवाल आणि यंत्रं ताडून बघायची, बस्स."

"हो हो, येऊ दे की," भाऊ म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की बाई आत जाणार, म्हणजे आपल्यालाही आत जावं लागणार. आत दार कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. पाहुण्याला घर दाखवताना मालकानेच भिंतीवर आपटावं, असं व्हायला नको. म्हणून बुधवारी सकाळी ते एकटेच निघाले, रंगीत तालमीला. दोन्ही नाकपुड्यांत कापराची वडी.

सड्यावर पोचले तर चमत्कार. वास नाही. भाऊंनी आधी काच बोटभर खाली केली, मग वीतभर, मग कापूर काढला. नुसता खारा वारा. फाटकातून आत गेले, शेडचं दार ढकललं, आणि उभे राहिले.

आत लख्ख. जमीन गुळगुळीत, फिनेलने पुसलेली. पांढऱ्या चुन्याच्या रेघा आखलेल्या. मधोमध एक जाळी बांधलेली. कोपऱ्यात दोन रॅकेटी आणि बॅडमिंटनच्या फुलांचा डबा. यंत्र म्हणावं असं एकच, भिंतीवरचा पंखा.

खरं सांगायचं तर भाऊंना पहिल्यांदा बरं वाटलं. काय स्वच्छ ठेवलंय, असं मनात येऊन गेलं. मग नजर यंत्रं शोधायला लागली.

"काय वो भाऊ! आज आत?" मागून महिपतशेठ आले. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात टॉवेल, घामाने निथळत. "डॉक्टर म्हनले वजन उतरवा. मंग म्हटलं जागा हाय रिकामी. खेलताव काय एक डाव?"

"बिर्जेशेठ, यंत्रं कुठायत?"

"कसली?"

"कसली काय! कुकर, प्रेस, ड्रायर!"

महिपतशेठनी टॉवेलाने मान पुसली. लाजले असं म्हणवत नाही, पण थोडे आदबीने बोलले. "ती गेली वो. कधीच. कुकर नि प्रेस भंगारवाल्याला दिली. धंदा बसला तवाच."

"आणि ड्रायर?"

"ड्रायर हाय!"

भाऊंचा जीव भांड्यात पडला. "कुठाय?"

"रस्त्याखाली. ह्या रस्त्याला मोरी नव्हती, पाण्याने वाहून जायचा. ड्रायरचं नळकांडं जाड, चांगलं. दोन तुकडे केले नि गाडले. तुमी आता त्याच्यावरनंच आलाव की."

भाऊ भिंतीला टेकले. "अहो, पण वास? मी दर वेळी यायचो तेव्हा वास मारायचा! डोक्यात जायचा!"

"तो तुमच्यासाठी असायचा," महिपतशेठ म्हणाले. "तुमी येनार म्हटलं की आदल्या दिवशी जेट्टीवरनं दोन टोपल्या कुजकी तारली मासळी आणून फाटकात ओतायचो. सोप्पं काम नाय ते. तुमी गेलाव की गाडताना आमची काय दशा व्हायची! आमी कधी बोलून दाखवलं काय?"

 वर्षानुवर्षं त्यांनी ज्या कारखान्याला 'चालू स्थितीत' म्हणून सही दिली, त्यात चालू होता तो फक्त वास, आणि तोही त्यांच्याच स्वागताला.

"उद्या मुंबईच्या बाई येतायत आतून बघायला," ते कसेबसे म्हणाले. "त्यांनी हे बघितलं तर माझा परवाना गेला. नाव गेलं. सगळं गेलं."

"मंग मासे टाका फाटकात. ती तरी कशाला आत येते?"

"टाका मग!"

"मी नाय वो. मी आता निघालो, मेव्हन्याच्या पोरीचं लग्न हाय कोल्हापुरास. मीरकरवाड्याला जावा, जेट्टीच्या शेवटाला मैना बसते. माझं नाव सांगा. ती नीट कुजलेलं देते, फसवत नाय." जाताजाता महिपतशेठ वळले. "चुन्याच्या रेघांवर तेवढं सांडू नका हां."

ज्या माणसाने आयुष्यात घरातल्या फ्रीजमध्ये अंडं ठेवू दिलं नाही, तो माणूस भर दुपारी जेट्टीवर उभा. पायाखाली चिकचिक, डोक्यावर कावळे, आजूबाजूला बर्फाचे डबे ओढणारी माणसं. भाऊंनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि श्वास इतका जपून घेत होते, की जणू तो रेशनवर मिळतो.

मैना पाटावर बसून कोयत्याने सुरमई कापत होती. तिने मान वर करून गोऱ्यापान पोटऱ्या बघितल्या.

"काय भाऊ, रस्ता चुकलाव काय? देऊळ तकडं."

"मला मासे हवेत."

"बसा. पापलेट देऊ? ताजा फडफडीत हाय."

"ताजा नको." भाऊ खाली वाकून कुजबुजले. "कुजलेला हवा. तारली. दोन टोपल्या."

मैनाने कोयता थांबवला. शेजारणीला कोपराने ढोसलं. "ऐकलंस काय गो? भाऊंना कुजलेली हवी!"

"पहिल्यांदा खातायत ना, त्यांना काय कळतंय!" शेजारीण म्हणाली, आणि सगळी ओळ फिदीफिदी हसली.

"बिर्जेशेठनी पाठवलंय," भाऊ म्हणाले.

"असं सांगा की मंग आधी!" मैना उठली. "ती इन्स्पेक्षनवाली ऑर्डर ना? दर साली असते. तो मेला येडपट सायब गाडीतनं उतरत नाय म्हनतात, त्याच्यासाठी. तुमी त्याला वळखताव काय?"

"नाही," भाऊ म्हणाले. त्या दिवसात ते पहिल्यांदा पटकन बोलले.

टोपल्या डिकीत गेल्या. भाऊंनी खाली जुनी वर्तमानपत्रं आणि बायकोची एक चांगली चादर पसरली होती, पण कुजलेली तारली म्हणजे काय दगड नव्हे. ती पाझरते. सड्याच्या चढावर म्हैस आडवी आली, भाऊंनी ब्रेक दाबला, आणि मागून एक लांबलचक 'खळ्ळ' ऐकू आलं. काळपट पाणी सीटखालून हळूहळू, अदबीने, त्यांच्या चपलांपर्यंत आलं. भाऊंनी दार उघडून सड्यावर ओकारी काढली. मग रुमालाने हात पुसून पुन्हा बसले, कारण दुसरा चालक नव्हता.

फाटकात मासे त्यांनी स्वतःच्या हातांनी ओतले. त्या हातांनी! घोंगावत माशा आल्या, कावळे आले, दोन कुत्री आली, आणि भाऊ त्यांना "हाड! हाड!" करत राहिले, की बाबांनो, खाऊ नका, उद्यापर्यंत राहू दे.

घरी पोचले तर बायकोने, मालिनीबाईंनी, अंगणातच अडवलं.

"शी! काय हो ही घाण! कुठे पडलात?"

"कामात होतो."

"कसलं काम? गटार मोजायला गेला होतात की काय? तिथेच थांबा. घरात पाऊल टाकायचं नाही!" त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. "आणि ती माझी चादर कुठाय, जोधपुरी?"

भाऊंनी विहिरीवर अकरा बादल्या डोक्यावर घेतल्या, शिकेकाई लावली, रिठा लावला, शेवटी राख लावली. वास काय जाईना. जेवायला बसले तर आमटीला तोच, भाताला तोच. मालिनीबाई नाकाला पदर लावून लांबूनच वाढत होत्या. "उद्या तुमचं ते नीतिमत्तेचं आहे ना हो?" त्या म्हणाल्या. "मग माणसासारखे जा."

गुरुवारी स्टेशनावर दमयंती वैती उतरल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खांद्याला झोळी, पायात जाड तळाचे बूट. भाऊंनी गाडीत रात्रभर चारी दारं उघडी ठेवून, धूप जाळून, कॉफीची भुकटी टाकून ठेवली होती. दमयंतीबाई आत बसल्या, पट्टा लावला, आणि एकदा नाक हुंगलं.

"तारली का?"

"छे छे! कॉफी."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

सड्यावर चढताना भाऊंनी ठेवणीतलं काढलं. "मॅडम, आधीच सांगतो, वास सहन होणार नाही. तोंडात ठेवायला लवंग देऊ? खरं म्हणजे फाटकातूनच सगळं दिसतं. आमच्याकडे सगळे मोठे अधिकारी गाडीतूनच बघतात. मी फोटो आणलेत. काच अजिबात खाली करू नका, कपड्यांना धरतो."

फाटक आलं. रात्रभर मुरलेली तारली आता उन्हात पराकाष्ठेला पोचली होती. माशांचा काळा ढग उठला. बंद काचेतूनही वास आत शिरला, आणि भाऊंच्या डोळ्यांना पाणी आलं. ते मनात म्हणाले, झालं! आता ही बाई म्हणणार, खांबेटे, वळवा गाडी.

दमयंतीबाईंनी दार उघडलं आणि उतरल्या. थेट ढिगापाशी गेल्या. बुटाच्या टोकाने एक मासा उलटा केला, वाकून त्याचे कल्ले बघितले, आणि कमरेवर हात ठेवून सावकाश श्वास घेतला, मोगऱ्याच्या वेणीचा घ्यावा तसा.

"खांबेटे, इकडे या."

भाऊ बोळा नाकावर धरून आले.

"हे काय आहे?"

"कच्चा माल, मॅडम. कारखाना चालू असल्याचा पुरावाच म्हणा."

"मी वर्सोव्याची कोळीण. मामाचा कुटीचा कारखाना होता, माझं इंजिनिअरिंग त्याच्यावर झालं. चालू कारखान्याला शिजलेल्या, करपलेल्या माशाचा वास असतो. तो भिंतींना धरतो, पत्र्याला धरतो, मालकाच्या पोरांच्या दप्तरांना धरतो. हा नुसता कच्चा आहे. आणि कच्चा माल जो असा फाटकात कुजवतो, त्याची कुटी कोंबडीसुद्धा खात नाही." बाईंनी भिंतीला नाक लावलं. "भिंतीला वास नाही. चिमणीला काजळी नाही. चिमणीवर घरटं आहे. आत चला."

"मॅडम, आत फार—"

"आत काही नाही ना? मग भ्यायचं कशाला?"

भाऊंनी ज्या वासाच्या भरवशावर परवाना पणाला लावला होता, त्या वासानेच चुगली केली होती. आणि हे भाऊंना आधी कळणं शक्यच नव्हतं. खऱ्या कारखान्याचा वास कसा असतो, हे त्यांनी कधी नाक उघडून बघितलंच नव्हतं.

शेडमध्ये दमयंतीबाई जाळीच्या एका बाजूला उभ्या राहिल्या. भाऊंना दुसऱ्या बाजूला उभं केलं. झोळीतून तो आदर्श अहवाल काढून जाळीवरून पलीकडे दिला.

"वाचा. मोठ्याने. आणि प्रत्येक वस्तू हाताने दाखवा."

"मॅडम, हे जरा..."

"तुम्ही पोरांना हेच शिकवता ना? वाचा."

भाऊंनी घसा साफ केला. "कुकर. वाफेवर चालणारा. क्षमता उत्तम." रिकाम्या शेडमध्ये आवाज घुमला. त्तम, त्तम.

"दाखवा."

भाऊंनी हात उचलला. तो कुठे न्यावा कळेना. शेवटी पंख्याकडे नेला.

"पुढे."

"स्क्रू प्रेस. दाब समाधानकारक." हाताने रॅकेटींच्या कोपऱ्याकडे अर्धवट इशारा झाला.

"फोटो बघा तेवढा. मागे खिडकी आहे, दिसते? खिडकीबाहेर काय आहे?"

भाऊंनी चष्मा पुसून बघितलं. एक पिंगट दाढीवाला गोरा कामगार लोकरीची टोपी घालून उभा होता, आणि मागच्या खिडकीबाहेर सगळं पांढरंशुभ्र होतं.

"बर्फ आहे हे, खांबेटे. नॉर्वेतलं की कुठलं गाव असावं. रत्नागिरीत बर्फ कधी पडला?"

"मला वाटलं, आवाराला चुना मारलाय," भाऊ म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत, आणि तेच वाईट. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते भाऊंनी आजवर दुसऱ्याच्या कपाकडे बघताना स्वतःच्या तोंडावर अनुभवलेलं होतं. दुसऱ्याच्या तोंडावर, आणि ते आपल्याकडे बघून, असं पहिल्यांदाच.

"ड्रायर आहे!" भाऊ एकदम ओरडले. बुडत्याला काडी सापडली. "मॅडम, ड्रायर शंभर टक्के आहे! वापरात आहे! चला दाखवतो!"

आणि खरोखरच त्यांनी बाईंना रस्त्यावर नेलं, स्वतः गटारात उतरले, गुडघे टेकून मोरीत डोकं घातलं आणि आतून ओरडले, "जाड पत्रा! गंज किरकोळ! नळकांडं शाबूत!" आत एक कुत्रं तारली खाऊन सुस्त पडलं होतं. ते बिचारं घाबरून भाऊंच्या अंगावरून बाहेर पळालं.

भाऊ चिखलासकट वर आले. "बघितलंत? आहे."

"आत पहिल्यांदा कधी गेलात?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"मोरीत?"

"कारखान्यात."

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. सडा उघडा, सांगायला खोटं काही उरलेलं नाही. "काल," ते म्हणाले.

"काल रिकामा दिसला?"

"दिसला."

"मग हे मासे?"

"मीच आणले."

"स्वतः?"

"स्वतः. चादर घालून."

दमयंतीबाईंनी बुटाचं टोक दगडावर घासलं. "खांबेटे, पैसे खाऊन खोटं लिहिणारे पुष्कळ बघितले. तुम्ही फुकट लिहिलंत. नुसतं नाक दाबून! ह्याला काय म्हणायचं मला कळत नाही." मग त्या गाडीकडे वळल्या. "अजून किती ठिकाणी असे आत गेला नाहीत?"

"नाही, म्हणजे बहुतेक ठिकाणी—"

"सावर्ड्याच्या एका काजूच्या कारखान्याचा तुमचा अहवालही आहे माझ्याकडे. तिथे वास नाही ना? मग चला. तिथे यंत्र निघालं, आणि तुम्हाला त्यातलं कळतं असं दिसलं, तर मी समितीला सांगेन की हा माणूस घाणेरडा आहे, पण कामाचा आहे. नाहीतर संपलं."

हायवेला लागल्यावर चारी काचा उघड्या होत्या. भाऊ गाडी चालवत होते आणि ओठातल्या ओठात कुलदेवतेला विनवत होते. आजवर त्यांनी देवाकडे मुलाचं शिक्षण मागितलं, गुडघ्याला आराम मागितला. आज एकच मागणं होतं. आई, आत काहीतरी असू दे. मोडकं असू दे, गंजलेलं असू दे, पण असू दे. काजूच्या कारखान्यात तर ते कधी गाडीने फाटकापर्यंतसुद्धा गेले नव्हते. टरफलांच्या तेलाने कपडे डागाळतात, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मालकिणीला हायवेवरच्या हॉटेलात बोलावून घ्यायचे.

मालकीण मथुराबाई दारातच भेटल्या. "अगोबाई! खांबेटे भाऊ तुम्ही? इथे? काय झालं, हॉटेल बंद आहे काय?"

 आतून आवाज येत होता. धडधड, फुसफुस, खडखड. भाऊंचे कान टवकारले. ते मथुराबाईंना बाजूला सारून आत धावले. रांगेत बसून काजू फोडणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. आणि तिथे, शेडच्या टोकाला, पुरुषभर उंचीचं, पोटाशी गोल, डोक्यावर नळी असलेलं एक खरंखुरं यंत्र उभं होतं. फोटोत होतं तस्संच. जवळ बर्फ नाही, गोरा माणूस नाही, मथुराबाईंचा पुतण्या लाकडं सारतोय.

भाऊंना गहिवरून आलं. जत्रेत हरवलेला सख्खा भाऊ सापडावा तसे ते हात पसरून पुढे गेले.

"अहो! अहो भाऊ! त्याला—" मथुराबाई ओरडल्या.

भाऊंनी यंत्राला दोन्ही हातांनी कवटाळलं.

चर्र झालं. बायका किंचाळल्या. भाऊ दोन हात मागे उडून काजूच्या पोत्यांवर पडले. तळवे लाललाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडावर असलं हसू, की मालिनीबाईंनी लग्नातसुद्धा बघितलं नसेल.

"आहे!" ते ओरडले. "मॅडम, आहे! भाजलं मला! खरंच आहे हो!"

मथुराबाईंनी पाण्याची बादली आणली, भाऊंचे हात कोपरापर्यंत तिच्यात खुपसले. "बॉयलरला मिठी मारतं काय कोण, जळला मेला!" त्या पुटपुटल्या. "आमची पोरंसुद्धा मारत नाहीत."

दमयंतीबाई बॉयलरभोवती एक फेरी मारून आल्या. पाटीवरचा नंबर अहवालातल्या नंबराशी जुळत होता. त्या भाऊंसमोर उकिडव्या बसल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "आता सांगा, हे काजूचं काय करतं?"

भाऊंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे फिरायला लागले. बायकांकडे गेले, पोत्यांकडे गेले, नळीकडे गेले. बिया वाफवतं, एवढं साधं उत्तर बायका ओठांत धरून बसल्या होत्या, पण एकीनेही ते बाहेर पडू दिलं नाही. बादलीतलं पाणी हातांनी कोमट झालं.

"सालं काढतं?" भाऊ म्हणाले.

एकीने तोंडाला पदर लावला.

"निवडतं? लहान-मोठे?"

दमयंतीबाईंनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. "ओळखपत्र द्या मंडळाचं. समितीपुढे येईपर्यंत माझ्याकडे राहील."

भाऊंनी बादलीतून हात वर काढले. बोटं फुगली होती, मिटत नव्हती, उघडत नव्हती. तेव्हा बाईंनीच श्वास रोखला, मान एका बाजूला वळवली, आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ते ओळखपत्र त्यांच्या खिशातून बाहेर काढलं.